पहिल्या चढाचा टोल

रविवार, दुपार

प्रिय आर्नी,

तुझ्या स्की पोचल्या. गॅरेजच्या दाराला टेकवून ठेवल्यास आणि गाडीचं इंजिनही बंद केलं नाहीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. कॉफी उकळत होती, निसूचा गोड पाव कापून ठेवला होता, कपही दोन काढले होते. तू एकदा वर बघितलंस, बुटांचा बर्फ झटकलास आणि निघून गेलास. चार आठवडे माझ्याशी बोलत नाहीस, तरी शर्यतीच्या स्की माझ्याकडेच आणून टाकल्यास, याचं आधी हसू आलं आणि मग जरा रडूही आलं. बाबांचा नियम तुझ्याच्यानेही मोडवला नाही तर. आपल्या घरात शर्यतीच्या स्कींना ज्याने त्याने स्वतः मेण लावायचं नाही, ते दुसऱ्याने लावायचं. तुझ्या मी, माझ्या तू. बाबा म्हणायचे, म्हणजे हरल्यावर शिव्या द्यायला घरातलंच माणूस सापडतं.

मी बरी आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेते. जानेवारीपासून शाळेची बस पुन्हा माझ्या हातात आली. मुलं विचारतात, तुमच्या छातीत खरंच स्प्रिंग घातलीय का, आणि मी म्हणते, दोन घातल्यात, गोंधळ केलात तर उडी मारून मागे येईन. रोज स्कीवर जाते. हळू जाते. सत्तरीतल्या बायका मला मागे टाकतात आणि जाताजाता दयेने बघतात. बघू देत. मी मेले नाही, फक्त हळू झाले. या दोन्हींत फरक आहे, हे आपल्या गावाला अजून समजायचं आहे.

गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते कानावर येतं. शुक्रवारच्या सौनात मी आत शिरले की बायका पाण्याची बादली कुणाची यावर बोलायला लागतात, म्हणजे त्याआधी विषय मी होते. रॉय दुकानात भेटला. क्लबचा अध्यक्ष म्हणून त्याने आवाज मऊ केला होता. म्हणाला, हेल्मी, तुझ्यावर प्रसंग आला, आम्हाला वाईट वाटतं, पण म्हणून तू सगळ्यांच्या शर्यतीवर पाणी का टाकतेस? मोठ्या पुलापलीकडून लोक येतात, पहिल्या चढावरच असली पाटी वाचून त्यांना काय वाटेल? मी म्हटलं, ज्यांची छाती आवळत नसेल त्यांना काहीच वाटणार नाही. त्यावर तो खिम्याच्या पास्तीची पिशवी घेऊन निघून गेला. तीन वेळा त्याने ती पाटी काढली, तीन वेळा मी परत झाडावर ठोकली. हातोडी आता गाडीतच ठेवते.

तुझा राग पाटीवर नाही, फळीवर आहे, हे मला ठाऊक आहे. क्लबच्या खोलीच्या भिंतीवरून मी माझी फळी काढली, उलटी केली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तांबड्या रंगाने लिहिलं, 'या चढावर छाती आवळते? परत फिर. डॉक्टरकडे जा.' तू म्हणालास, पंचवीस शर्यती पुऱ्या केल्याशिवाय ती फळी मिळत नाही, लोक त्यासाठी आयुष्य घालवतात, आणि तू तिची पाटी केलीस. बाबांच्या शेजारची जागा तू रिकामी केलीस, असंही म्हणालास. खरं आहे. माझं नाव त्या मेपलच्या लाकडावर तापल्या सळईने तूच डागलं होतंस, तेव्हा तुझा अंगठाही भाजला होता. ते नाव मी खोडलेलं नाही, आर्नी. झाडाच्या बाजूला आहे. फक्त आता ती फळी काहीतरी काम करते.

तुझीच फळी राहिली आहे. चोवीस शर्यती झाल्या. या शनिवारी पंचविसावी.

मला आपला पहिला चढ आठवतो. तू सहा वर्षांचा होतास, मी नऊची. सुरुवातीच्या रेषेपासून देवदारांतून अर्धा मैल सपाट वाट आणि मग एकदम तो चढ. बाबा मध्यावर थांबायचे. काठ्यांवर ओणवे व्हायचे, तळवा छातीवर दाबायचे, पांढरा श्वास सोडत राहायचे. आपण विचारलं तर हसून सांगायचे की हा टोल आहे. मोठ्या पुलावर गाडी थांबवून टोल भरावा लागतो की नाही, तसाच डोंगरही टोल घेतो. एकदा भरला की पुढे सगळा रस्ता मोकळा. आणि खरंच, मिनिटभराने ते निघायचे ते अशा झपाट्याने की संपूर्ण काउंटीत त्यांना कुणी गाठू शकत नसे. किती अभिमान वाटायचा आपल्याला. पस्तिशीनंतर कधीतरी मलाही त्या चढावर छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा मी तुला फोन करून काय सांगितलं होतं आठवतं? की आजपासून मीही टोल भरणाऱ्यांतली झाले. तू म्हणालास, अभिनंदन, मी गेल्या वर्षापासूनच भरतोय. आपण दोघं हसलो होतो. वारसा मिळाल्यासारखे हसलो होतो.

गेल्या वर्षीच्या माझ्या शेवटच्या शर्यतीत मी बावीस मिनिटं मागे पडले. पंचविसावी म्हणून सगळे कौतुक करत होते आणि मी तुझ्यावर डाफरत होते की तू मेण चुकवलंस, एवढ्या कोरड्या बर्फाला असलं मेण कुणी लावतं का. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. त्या दिवशीचं मेण अगदी बरोबर होतं, आर्नी. मी ते आज लिहून देते, पाहिजे तर चौकटीत लाव. बर्फही बरोबर होता, मेणही बरोबर होतं. आपल्या लोकांना सगळ्यावर संशय घेता येतो, मेणावर, थंडीवर, काठीच्या लांबीवर, आदल्या दिवशी खाल्लेल्या माशावर. छातीच्या आतल्या त्या एका गोष्टीवर तेवढा येत नाही.

सप्टेंबरात बसच्या परवान्यासाठी तपासणी होती, तेव्हाची गोष्ट मी तुला कधी नीट सांगितली नाही. हॉस्पिटलात तू आलास तेव्हा मी झोपेत होते आणि नंतर तू ऐकायला थांबला नाहीस. तपासायला एक तरुण मुलगी होती, पुलापलीकडची, नवीनच आलेली, जिने आयुष्यात स्की पायात घातली नव्हती. माझी नाडी मोजली, चव्वेचाळीस. परत मोजली. म्हणाली, तुमचं हृदय तर शर्यतीच्या घोड्याचं आहे. मीही फुलले. मग ती कागदावरचे प्रश्न एकेक वाचत गेली आणि मी नाही, नाही, नाही म्हणत गेले. छातीत दुखतं का, आवळतं का, इथेही मी नाहीच म्हटलं, आणि मग गंमत म्हणून सांगितलं की पहिल्या चढावरचा टोल सोडला तर. तिला समजलं नाही. मी समजावून सांगितलं की सुरुवातीच्या चढावर मिनिटभर आवळतं, मग शरीर तापलं की जातं, ते सगळ्यांनाच होतं. तिने पेन खाली ठेवलं.

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

मी माणसं मोजायला लागले. रॉयला होत नाही. तो त्या चढावर बडबड करत असतो. तुझ्या बायकोला, शेलीला, होत नाही. क्लबमधली सत्तर-ऐंशी माणसं मी मनातल्या मनात त्या चढावरून एकेक करून नेली, आणि कुणीही छातीवर हात ठेवला नाही. शेवटी तीनच उरले. बाबा, मी आणि तू.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते चुकीचं सांगत फिरतोस, म्हणून लिहिते. मार्क्वेटच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी मला पळत्या पट्ट्यावर चढवलं. तिथला माणूस पट्ट्याचा वेग वाढवत गेला आणि मी पळत गेले. शेवटी तो म्हणाला की माझ्या वयाच्या बाईला त्याच्या तक्त्यात पुढे रकानाच नाही. हे तू सगळ्यांना सांगतोस, ताईने पट्ट्याला हरवलं म्हणून. पण सुरुवातीची दोन मिनिटं कागदावरची एक रेघ जराशी वाकली होती आणि नंतर सरळ झाली होती, हे तू सांगत नाहीस. डॉक्टरांना ती वाकलेली रेघच खटकली. आत नळी घालून बघितलं तर हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद, तिथल्या तिथे दोन स्टेंट घातले. शुद्धीवर आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मी सिगारेट ओढत नाही, लोणी मोजून खाते, वर्षाला दोन हजार मैल घालते, हा दुसऱ्या कुणाचा तरी फोटो असेल. ते म्हणाले, व्यायामाने हृदय बळकट होतं, पण रक्तातून आलेलं व्यायामाने धुऊन जात नाही, आणि तुमच्यासारख्यांचं तर ते लपवतं. दुसऱ्या कुणाला जिना चढताना कळलं असतं. तुम्ही त्याला टोल म्हणालात आणि पुढे गेलात.

मी जागी झाले तेव्हा तू निसू घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा होतास आणि म्हणालास, "ताई, बसमध्ये बसून बसून झालं हे तुला." तुझा चेहरा बघितला होता मी. तो सोळा वर्षांच्या आर्नीचा चेहरा होता, मार्च महिन्यातल्या त्या सकाळचा.

त्या सकाळबद्दल आपण कधीच बोललो नाही. बाबांना तू शोधून काढलंस, त्याच चढाच्या वळणावर, एक काठी अजून मनगटाला अडकलेली. त्रेपन्न वर्षांचे होते. सगळं गाव म्हणालं की स्कीवरच्या माणसाला असाच मृत्यू यावा, आवडत्या वाटेवर, पहाटेच्या बर्फात. म्हणाले, खाणीची धूळ गेली होती ना छातीत, स्की करत नसता तर चाळिशीतच गेला असता. आईने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं, तू धरलंस, मीही धरलं. आणि मी आणखी एक गोष्ट धरून ठेवली, अठ्ठावीस वर्षं. ती आज सोडते.

आदल्या दिवशी मी बाबांबरोबर होते. तुला शाळा होती. पहिल्या चढावर ते नेहमीसारखे थांबले, मग निघाले. पण पुढच्या उतारानंतरच्या लहानशा चढावर परत थांबले. त्या चढावर तर आई पावाची टोपली घेऊन चालत जायची. या वेळी ते बराच वेळ ओणवे राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता आणि एवढ्या थंडीत कपाळावर घाम होता. मग हसले आणि म्हणाले, आज डोंगराने दोनदा टोल घेतला, लबाड आहे. परत निघताना माझ्या टोपीवर हात ठेवून म्हणाले, "आर्नीला सांगू नकोस, उगाच घाबरेल." मी एकोणीस वर्षांची होते. मला वाटलं, त्यांनी मला मोठं मानलं, गुपित दिलं. संध्याकाळी तू टेबलावर विचारलंस, बाबा, आज किती मैल, आणि मी बटाटे वाढत गप्प बसले. तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास, आईला उठवलं असतंस, दुसऱ्या दिवशी त्यांची स्की लपवली असतीस. तू तसाच होतास, गप्प न बसणारा. मी शहाणी होते. त्या शहाणपणाचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलं.

म्हणून रॉयला माझी पाटी खपत नाही तेव्हा मला काही वाटत नाही. बायका सौनात विषय बदलतात तेव्हाही नाही. एकदा गप्प बसून बघितलं आहे मी. आता कुणी मला भित्री म्हणा, वेडी म्हणा, शर्यतीची वैरीण म्हणा. मी या वाटेची वैरीण नाही. या वाटेने मला माझं शरीर दिलं, बाबा दिले, तुझ्याबरोबरचे हजारो मैल दिले. पण ज्या वाटेवर आपली माणसं मरतात आणि आपण त्याला सुंदर मरण म्हणतो, त्या वाटेवर एक पाटी असायला काय हरकत आहे? बाबांचं मरण सुंदर नव्हतं, आर्नी. ते वेळेआधीचं होतं. त्यांनी तुझ्या लेकीला, सिग्नेला, बघितलंसुद्धा नाही.

आता सिग्नेबद्दल. तिला रागावणार नाहीस असं वचन आधी दे, मगच पुढचं वाच.

गेल्या मंगळवारी ती माझ्या बसमध्ये शेवटपर्यंत बसून राहिली. तिच्या थांब्यावर उतरलीच नाही. सगळी मुलं उतरल्यावर पुढे येऊन माझ्या मागच्या सीटवर बसली. आधी म्हणाली, आत्या, मला पण आता टोल लागतो. मी गाडी बाजूला घेतली. विचारलं तर तिने करून दाखवलं, अगदी तुझ्यासारखं, काठ्यांवर ओणवी झाल्यासारखं, तळवा छातीवर दाबून. दुखतं का, कुठे दुखतं, तर म्हणाली, दुखत नाही काही, पण आपल्या घरात भरायचा असतो ना. बारा वर्षांची आहे ती. आपल्या घराण्याची रीत म्हणून आपलं दुखणं शिकते आहे. आणि मग खिडकीच्या काचेकडे बघत म्हणाली की गेल्या रविवारी तिच्या बाबांनी दोनदा टोल भरला. दुसऱ्यांदा खाली बसले होते, बर्फातच. आणि म्हणाले, आत्याला सांगू नकोस.

आर्नी, ते शब्द मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी ऐकले आहेत. तेच शब्द, तीच वाट. मी गप्प बसले. ती बसली नाही. आपल्या घरातलं सर्वांत शहाणं माणूस ते आहे.

तुला काय वाटतं तेही मला माहीत आहे. शनिवार झाला की जाईन, एवढी एक होऊ दे, मग डॉक्टर काय म्हणेल ते म्हणू दे. आधी गेलो आणि त्याने नको म्हटलं तर? बाबांच्या शेजारी फळी लागायला पन्नास किलोमीटर उरलेत आणि मध्ये एक कागद आडवा आला तर? मी तुझ्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मी तेच म्हटलं होतं गेल्या वर्षी, फक्त मोठ्याने नव्हे. माझी पंचविसावी मी नव्वद टक्के बंद वाहिनी घेऊन पार केली आणि वाचले. त्याला पराक्रम म्हणू नकोस. नशीब म्हण. आपल्या घराच्या वाट्याचं ते मी खर्च करून टाकलं असेल असं मला वाटतं, आणि तुझ्या नशिबावर पैज लावायची माझी तयारी नाही.

म्हणून हे पत्र. बुधवारी सकाळी सव्वानऊला मार्क्वेटला तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. शेलीला माहीत आहे, तिनेच तुझी जन्मतारीख आणि विम्याचा नंबर दिला, तेव्हा तिच्यावरही चिडून घे. बर्फ काढायच्या ट्रकवर त्या दिवशी तुझी सुट्टी आहे, हेही तिनेच सांगितलं. बससाठी मी बदली चालक घेतला आहे. तुझ्या स्कींना शनिवारच्या थंडीचं मेण लावून झालं, पायाखालची मेणाची पट्टी तू मागतोस त्याहून दोन बोटं लांब ठेवली आहे. त्या माझ्या गाडीच्या टपावर बांधल्या आहेत आणि तिथेच राहतील. रॉय तुला त्याच्या देईल, ठाऊक आहे मला. पण दुसऱ्याच्या मेणावर तू आपली पंचविसावी करणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. कागद स्वच्छ निघाला तर शनिवारी मीच तुला सुरुवातीच्या रेषेवर सोडीन आणि सगळ्या गावासमोर स्वतःचे कान पकडीन. पाटी मात्र काढणार नाही. आणि कागद स्वच्छ निघाला नाही, तर तुझी फळी मी तासून ठेवलीच आहे. तिच्यावर तुझं नाव डागीन आणि खाली चोवीस लिहीन. क्लबच्या भिंतीवर चोवीसची फळी लागत नाही. माझ्या स्वयंपाकघरात लागते, आणि तिच्याखाली बसून तू कॉफी पिशील, पन्नाशीत, साठीत, दात पडेपर्यंत. बुधवारी सव्वासहाला मी तुझ्या दाराशी येते. तू बाहेर येईपर्यंत हलणार नाही. इंजिन बंद करून बसेन.

तुझीच,
हेल्मी